दगडांवरचा जांभळा रंग उडाला? कॅल्शियमची बाटली उघडायच्या आधी एवढं तपासा

खाऱ्या पाण्याच्या टाक्यांची देखभाल हा माझा धंदा. मला सगळ्यात जास्त वेळा येणारा फोन मासा मेल्याचा नसतो, "दगड पांढरे पडले" हा असतो. मुलुंडच्या एका काकूंचा तर मे महिना संपता संपता ठरलेला. "अरे, तुझा तो जांभळा रंग पुन्हा गेला रे. बाटली आणून ठेवलीय, किती टोपणं टाकू?" मी म्हणतो, काकू, टोपण लावूनच ठेवा, मी येतो. तीन वर्षांत तीन वेळा रंग गेला, तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं आणि ती बाटली अजून सीलबंद आहे. ती तिन्ही कारणं खाली ओघात येतीलच.

नवख्यांसाठी थोडक्यात. दगडावर, काचेवर, पंपावर चढणारा तो टणक जांभळा-गुलाबी थर म्हणजे कोरलाइन. हे लाल शेवाळांच्या कुळातलं शेवाळ आहे, पण हाताला दगडासारखं लागतं, कारण ते आपल्या पेशींच्या भिंतींत कॅल्शियम कार्बोनेट भरतं आणि त्यात मॅग्नेशियमही भरपूर असतं. रंग येतो फायकोएरिथ्रिन नावाच्या लाल रंगद्रव्यातून. कोकणात ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांत गुलाबी खपल्या पाहिल्या असतील, ती याचीच भावंडं. शेवाळ मेलं की रंगद्रव्य जातं आणि चुन्याचा सांगाडा तेवढा मागे उरतो. तुम्हाला दिसतो तो पांढरा रंग त्याचा.

आधी लक्षणं नीट बघा

फोनवर "पांढरं पडलंय" एवढं सांगून भागत नाही. कुठे पडलंय, त्यावरून अर्धं निदान होतं.

फक्त वरचे, दिव्याकडे तोंड केलेले भाग पांढरे आणि दगडाच्या पोटाखाली, सावलीत रंग शाबूत असेल तर दिव्यावर संशय घ्या. दगडावर नागमोडी पांढऱ्या वाटा किंवा बारीक ओरखडे असतील तर कुणीतरी खातंय. सावलीतलं, काचेवरचं, पंपावरचं सगळंच दोन-चार दिवसांत फिकं पडलं तर पाण्यात काहीतरी उडी मारून गेलंय: मीठ, केएच (पाण्याची क्षारता, म्हणजे त्यात विरघळलेल्या कार्बोनेटचं माप) नाहीतर तापमान. पांढरं होऊन त्यावर हिरवट साय आली असेल तर घटना जुनी आहे, मोकळ्या झालेल्या जागेवर दुसरं शेवाळ बसलंय. आणि टाकी सहा-आठ महिन्यांची होऊनही एक ठिपका आलेला नसेल तर प्रश्न मरण्याचा नाही, रुजण्याचा आहे. त्याचं शेवटी बघू.

एक खोटं लक्षणही आहे. जांभळ्या डागाची फक्त कडा पांढरट असते आणि आठवड्या-आठवड्याला ती पुढे सरकते. ती नवी वाढ आहे. तिला हात लावू नका.

पहिली तपासणी: बोट आणि टॉर्च. खर्च शून्य

बोटाने घासा. जांभळा थर शेंबडासारखा सुटून आला तर ते कोरलाइन नव्हतंच, ते सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरियाचा चिकट थर. ते "उडून" जात असेल तर पेढे वाटा. कोरलाइन नखाने निघत नाही, काचेवरून काढायला ब्लेड लागतं.

मग टाकीचे दिवे बंद करून साध्या पांढऱ्या टॉर्चने दगड बघा. हे कशासाठी, तर निम्म्या तक्रारी रंग गेल्याच्या नसून दिव्याच्या असतात. निळ्या एलईडीखाली जे गडद जांभळं दिसतं तेच पांढऱ्या उजेडात फिकं गुलाबी दिसतं. लोक निळ्या उजेडात काढलेले फोटो बघतात आणि आपली टाकी आजारी ठरवतात. शिवाय कोरलाइनच्या जाती अनेक. एक विटकरी, एक जांभळी, एक गुलाबी. कमी उजेडात रंग बहुधा गडद राहतो, भरपूर उजेडात फिका होतो. टॉर्चखाली गुलाबी दिसत असेल आणि हाताला टणक लागत असेल तर ते जिवंत आहे. पुढचं वाचायची गरज नाही.

दुसरी: रात्री अकरानंतर टाकीसमोर बसा

दिवे गेल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन बसा. काकूंच्या तिसऱ्या वर्षाचं कारण मला असंच सापडलं. भाच्याने वाढदिवसाला एक अर्चिन, म्हणजे काटेरी गोळ्यासारखा समुद्री जीव, आणून सोडला होता, टेनिसच्या चेंडूएवढा. दगडावर जागोजागी पाच टोकांच्या बारीक चांदण्या कोरल्यासारख्या दिसत होत्या. अर्चिनच्या तोंडात पाच दात असतात, तो एका जागी चावला की तशीच खूण उमटते. कोरलाइन हे त्याचं जेवणच आहे. तो आजारी नाही, टाकीही आजारी नाही, फक्त जेवणारा मोठा आणि ताट लहान. कायटन आणि लिंपेट हे दगडाला चिकटून राहणारे कवचवाले जीवही खरवडतात, पण त्यांची वाट अरुंद असते. नखाएवढ्या अ‍ॅस्टेरिना चांदण्यांच्या (बारीक तारामाशांच्या) काही जाती कोरलाइनवर ताव मारतात. त्या रात्री शंभरेक दिसल्या तर चिमट्याने वेचा, चार-दोन असतील तर राहू द्या.

तिसरी: दिव्यात काय बदललं?

गेल्या महिन्यात दिवा बदलला, काच पुसली, झाकण काढलं, ट्यूब नवी टाकली, यांपैकी काही केलंत का? हा प्रश्न मी आधी स्वतःलाच विचारायला हवा होता. घरच्या टाकीवरच्या जुन्या टी-फाइव्ह ट्यूब काढून मी एलईडी लावला आणि हौसेने पहिल्याच दिवशी शंभर टक्क्यांवर ठेवला. दहा दिवसांत वरचे दगड चुना फासल्यासारखे झाले. कोरलाइन समुद्रात कपारीत, खोल पाण्यात, दुसऱ्यांच्या सावलीतही मजेत राहतं. मंद उजेडाला सरावलेल्या थरावर एकदम प्रखर प्रकाश आला की ते करपतं.

उपाय फुकट आहे. दिवा ५० टक्क्यांवर आणा आणि आठवड्याला ५ टक्क्यांनी वाढवा. दिवे दिवसाला ८ ते १० तास पुरेत. टायमर स्वस्तातला असेल तर वीज गेल्यावर त्याचं घड्याळ मागे पडतं, दिवे रात्री दोनपर्यंत चालू राहतात आणि कुणाला पत्ता नसतो. तेही बघा. वरचा करपलेला भाग सावलीतल्या जिवंत भागाकडून हळूहळू पुन्हा भरून येतो. त्याला दोन-तीन महिने द्या.

चौथी: खारटपणा. इथे घाई करू नका

मला एकच तपासणी करायची मुभा दिली तर मी हीच करेन.

समुद्राच्या पाण्याचा खारटपणा ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) आसपास, म्हणजे २५ अंशाला विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या जवळ. तुमचा रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याच्या थेंबातून उजेड किती वाकतो त्यावरून खारटपणा सांगणारं यंत्र) ३५ दाखवतोय? तो खरं बोलतोय कशावरून? बहुतेक जण आरओच्या पाण्यावर शून्य लावतात आणि झालं म्हणतात. शून्याला बरोबर असलेलं यंत्र ३५ ला तीन-चारने चुकलेलं मी कितीतरी वेळा पाहिलंय. वजनकाटा रिकामा असताना शून्य दाखवतो म्हणून किलोला खरा असेलच असं नाही, तसंच हे. काटा-हायड्रोमीटर असेल तर त्याच्या काट्याला बुडबुडे चिकटतात आणि आकडा वर जातो.

३५ चं तयार द्रावण विकत मिळतं. ते नसेल तर घरी करा: साधं कोरडं मीठ ३.६५ ग्रॅम आणि शुद्ध पाणी ९६.३५ ग्रॅम. हे मिश्रण रिफ्रॅक्टोमीटरला ३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्यासारखंच दिसतं. स्वयंपाकघरातला काटा याला चालत नाही, सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा हवा. थेंब टाका, अर्धा मिनिट थांबा, स्क्रू फिरवून रेघ ३५ वर आणा. हे पाणी फक्त यंत्र जुळवायला आहे. टाकीत ओतायचं नाही, हे सांगावं लागतं कारण एकाने ओतलं होतं.

आता काकूंचं पहिलं वर्ष. मे महिन्यात त्या गावी गेल्या. जाताना काकांनी मीठ कालवलेलं पाणी कॅनमध्ये भरून वॉचमनकडे दिलं, "पातळी उतरली की एवढं टाक." आता वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं. वर पुन्हा खारं पाणी टाकलं की मीठ साचत जातं. वर पंखा लावलेला, पाणी झपाट्याने उडत होतं. महिन्याने मी मोजलं तर ४०. वाफेने कमी झालेल्या पाण्याची भरपाई कायम गोड्या, शुद्ध पाण्याने करायची. खारं पाणी फक्त पाणी बदलताना.

चुकलेला खारटपणा दिवसाला १ पीपीटीपेक्षा जास्त वेगाने बदलू नका. कोरलाइन सोसेलही, पण कोळंबी आणि गोगलगायी सोसत नाहीत.

पाचवी: पाणी कुठून आणता?

टीडीएस पेन, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं पेन, काही शे रुपयांत मिळतं. भरपाईच्या पाण्यात बुडवा, आकडा ० ते २ च्या आत हवा.

काकूंचं दुसरं वर्ष इथलं. "आरओचंच टाकते रे," त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. पण ते स्वयंपाकघरातलं. पिण्याच्या आरओमध्ये चव यावी म्हणून बहुतेकदा थोडं कच्चं पाणी परत मिसळतात किंवा खनिजांची कांडी बसवलेली असते. पेनावर ७० आलं. वाफेच्या जागी रोज असं पाणी टाकलं की त्यातलं फॉस्फेट, सिलिकेट, जे काही असेल ते टाकीत साचतं. फॉस्फेट चुन्याचे स्फटिक धरू देत नाही, म्हणजे कोरलाइनच्या मुळावरच येतं. टाकीला वेगळा आरओ हवा, त्यापुढे डीआय रेझिनची (उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) नळी, आणि रेझिनचा रंग बदलला की ते बदलायचं.

तापमानाचं लांबण लावत नाही. २४ ते २७ अंश, आणि दिवसरात्रीत एका अंशाहून जास्त फरक नको. हीटरवरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, दुसरा थर्मामीटर टाका.

सहावी: केएच, कॅल्शियम, मॅग्नेशियम. तिन्ही एकाच दिवशी

आता कुठे टेस्ट किटला हात लावायचा. अपेक्षित आकडे: केएच ७ ते ९ डीकेएच (हे केएचचं एकक), कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२८० ते १३५० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). किटची मुदत बघा आणि केएच रोज एकाच वेळी मोजा.

आकडे एकेकटे वाचू नका, एकत्र वाचा. समजा केएच ५.६, कॅल्शियम ३३५, मॅग्नेशियम १०३० आलं. दुकानात हे आकडे सांगितलेत तर तीन बाटल्या हातात पडतील. पण तिन्ही आकडे समुद्राच्या सुमारे ऐंशी टक्के आहेत. तिन्ही एकाच प्रमाणात कमी म्हणजे खारटपणाच २८ आहे, आणि तुमचा रिफ्रॅक्टोमीटर खोटं बोलतोय. चौथ्या तपासणीकडे परत जा. हा धडा मला उशिरा मिळाला, तोपर्यंत बऱ्याच लोकांचे पैसे बाटल्यांत घालवून झाले होते. माझेही.

केएच एकटाच कमी असेल तर ते चांगलंही लक्षण असू शकतं. कोरलाइन वाढतं तेव्हा दोन्ही खातं: केएच १ डीकेएचने उतरला की कॅल्शियम साधारण ७ पीपीएमने उतरतं. म्हणजे केएच आधी जाणवतो आणि कॅल्शियम बराच काळ ठीक दिसतं. काच जांभळी झालेल्या टाकीत केएचची रोजची घट सहज मोजता येते. उलट आठवडाभर केएच हललाच नाही, तर तुमच्याकडे काहीच वाढत नाहीये.

केएच वाढवायला खायचा सोडा चालतो. १०० लिटर पाण्यात ३ ग्रॅम सोड्याने १ डीकेएच वाढतो. शुद्ध पाण्यात विरघळवून, पंपाच्या धारेत, सावकाश. दिवसाला एकापेक्षा जास्त वाढवायचा नाही. खायचा सोडा म्हणजे सोडाच. बेकिंग पावडर नव्हे, तिच्यात आम्ल आणि पीठ असतं. टाकीचा आकडा धरताना दगड-वाळूने व्यापलेली जागा वजा करा, २०० लिटरच्या टाकीत पाणी बहुधा १६०-१७० च असतं.

कॅल्शियम खरंच कमी असेल तर कॅल्शियम क्लोराइड, पण सोड्याबरोबर एकाच वेळी नाही. एका गिऱ्हाईकाने दोन्ही पाठोपाठ ओतले. मी पोचलो तेव्हा टाकीत ताकासारखं पाणी आणि वाळूवर पांढरी रांगोळी. जे दगडावर बसायला हवं होतं ते हवेत, म्हणजे पाण्यातच, गोठून खाली बसलं होतं. दोघांत काही तासांचं अंतर ठेवा.

आणि कितीही टाकलं तरी कॅल्शियम-केएच टिकतच नसतील तर मॅग्नेशियम बघा. मॅग्नेशियम कॅल्शियम कार्बोनेटला पाण्यात आपोआप गोठू देत नाही. ते ११०० च्या खाली गेलं की तुम्ही गळक्या बादलीत पाणी ओतताय. आधी मॅग्नेशियम, मग बाकीचं.

चुन्याची निवळी हाही जुना आणि चांगला मार्ग आहे. कॅल्शियम आणि केएच दोन्ही एकदम मिळतात. पण तिचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून रात्री थेंब-थेंबच. पानाच्या डबीतला चुना वापरू का, असं दर महिन्याला कुणीतरी विचारतं. नका. त्यात आणखी काय कालवलंय ते डबीवर लिहिलेलं नसतं.

फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान असेल तर सोडून द्या. शून्यावर आणायच्या नादात फॉस्फेट शोषणारं औषध मूठभर टाकू नका, एकदम उपासमारही नको.

सातवी: बी आहे का?

कोरड्या दगडांवर सुरू केलेल्या टाकीत कोरलाइन येणार कुठून? त्याचं बी कुठूनतरी यावं लागतं. सगळ्यात स्वस्त बी म्हणजे मित्राच्या टाकीतली जांभळी पाठ असलेली एक गोगलगाय. नाहीतर त्याच्या काचेवरून ब्लेडने खरवडलेला चमचाभर चुरा. तो पंपाच्या धारेत सोडा, स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) आणि फिल्टरची पिशवी चार तास बंद ठेवा. बाटलीबंद बी मी तीनदा वापरलं, एकदा उगवलं. मित्राची टाकी मात्र निरोगी हवी, चुऱ्याबरोबर त्याच्या अ‍ॅस्टेरिनाही येतात.

मालवणहून दगड उचलून आणायचा विचारही नको. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे, आणि कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. दगडावर काय काय चिकटलंय ते आपल्याला ओळखता येत नाही, वनखात्याला येतं.

पहिला ठिपका दगडावर शोधू नका. तो बहुधा पंपाच्या बुडाला किंवा पांढऱ्या पीव्हीसी नळीवर येतो, टाचणीच्या डोक्याएवढा. पंपावर फार चढलं तर पंप काढून व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या सत्त्वाच्या पाण्यात तासभर बुडवा, फसफसून सुटतं. हे टाकीबाहेर, बादलीत.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या आल्या तर मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. तडकलेला हीटर आणि खारं पाणी एकत्र असताना कोरलाइनचा विचार करायचा नसतो. टाकीच्या बोर्डवर विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच नसेल तर तो त्याच वेळी बसवून घ्या.

रंग जाण्याबरोबर कोळंब्या उलट्या पडतायत, गोगलगायी काचेवरून गळतायत, मासे वर येऊन धापा टाकतायत, असं असेल तर हे कोरलाइनचं दुखणं नाही. घरात पेस्ट कंट्रोल झालंय का, काच घासायच्या चुंबकाचं कवच फुटून आतलं लोखंड गंजलंय का, हे बघा. ताज्या खाऱ्या पाण्याने एक चतुर्थांश पाणी बदला, फिल्टरमध्ये ताजा सक्रिय कोळसा (अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन) लावा आणि लगेच फोन करा. धातूचा संशय असेल तर पाण्याचा नमुना आयसीपी चाचणीला (पाण्यातले धातू मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणी) पाठवावा लागतो, घरच्या किटने ते कळत नाही.

चिलरचा गॅस, काचेच्या सांध्याची गळती, ही कामंही घरी करायची नाहीत.

आणि वरच्या सातही तपासण्या होऊन आकडे तीन आठवडे स्थिर असतील, तरीही रंग हलत नसेल, तर बोलवा. फोन करताना गेल्या तीन आठवड्यांचे केएचचे आकडे कागदावर लिहून ठेवा, तारखेसकट. काकूंनी आता फ्रिजवर तसा कागद चिकटवलाय. यंदा मे महिन्यात फोन आला तो, पाणी टाकायला वॉचमनऐवजी कुणाला सांगू, हे विचारायला.